परत आलेले पाच कोट

पाचवा कोट शनिवारी परत आला. वकीलसाहेबांनी तो हातात आणला नाही, अंगात घालूनच आणला, त्यामुळे तक्रार काय आहे हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. डावा खांदा उतरलेला, उजवी बाही अंगठा गिळून बसलेली, आणि पोटाशी इतकी जागा की आत एखादं अशील आरामात लपलं असतं.

“न्यायाधीशांनी मला भर कोर्टात विचारलं, बसता का जरा म्हणून,” वकीलसाहेब म्हणाले. “मी उलटतपासणी घेत होतो, सूनबाई. खुनाच्या खटल्यात. आणि साक्षीदार माझ्याकडे दयेनं बघत होता.”

सूनबाईने माफी मागितली, पाणी दिलं, कोट उतरवून घेतला आणि कपाटात आधीच्या चार कोटांशेजारी टांगला. या घरात येऊन तिला बारा वर्षं झाली होती आणि घरच्यांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे तिला सूनबाईच म्हणत. नवऱ्याच्याही तोंडून ते एकदोनदा निघून गेलं होतं, आणि त्यावर तो तिच्यापेक्षा जास्त दचकला होता.

खाली दुकान आणि वर घर. दुकानात शिवायला माणसं होती, पण कापड कापायचे एकटे बाबा, तिचे सासरे, ज्यांना सगळा रस्ता मास्टर म्हणे. बाबा अंगावर कच्चा कोट चढवून बघत नसत. “ट्रायल म्हणजे कापणाऱ्यानं आगाऊ मागितलेली माफी,” असं ते म्हणत. एकदा टेप लावायची, माप वहीत लिहायचं, आणि मग थेट तयार कोट. शेहेचाळीस वर्षांत एकही परत आला नव्हता. गेल्या तीन महिन्यांत पाच आले.

पहिला बँडमास्तरांचा. त्याचा नुसता डावा खांदा अर्धा इंच उतरला होता, आणि सगळ्यांनी दोष त्यांच्या भल्यामोठ्या वाद्याला दिला. दुसरा हेडमास्तरांचा, त्यात खांदाही उतरलेला आणि उजवी बाहीही लांब. हेडमास्तर भला माणूस, आयुष्यभर फळ्यावर लिहून आपलाच हात लांबला असेल म्हणून पंधरा दिवस गप्प राहिला. तिसरा औषधांच्या दुकानदाराचा आणि चौथा विमा एजंटाचा, त्या दोघांत आतला खिसा उजवीकडे गेलेला. एजंटाला भर बैठकीत पेन सापडेना, तेव्हा पुढ्यातल्या गिऱ्हाइकाला वाटलं, याला छातीत कळ आली. आता वकिलांच्या कोटात खांदा, बाही, खिसा तर होतेच, छाती आणि कंबरही भलत्याच कोणाची होती.

बाबांच्या हातातून कात्री काढून घ्यायची की नाही, एवढाच आता प्रश्न होता. तो रविवारी दुपारी सगळ्यांनी बसून सोडवायचा असं सूनबाईने ठरवलं.

“मला स्वतःला काही नकोय,” ती नवऱ्याला म्हणाली. “दुकानाचं नाव राहिलं म्हणजे झालं.”

हे ती त्या आठवड्यात सात वेळा म्हणाली होती. त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

खरी पंचाईत अशी होती की काढून घ्यायला कात्रीच जागेवर नव्हती. बारा इंची, काळ्या मुठीची, बाबांच्या वडिलांपासून चालत आलेली ती कात्री बुधवारपासून गायब होती. सूनबाईने स्वतः पुढे होऊन शोध घेतला. मशीनखाली, ताग्यांच्या मागे, नवऱ्याच्या खणात, बाबांच्या गादीखाली, इतकंच काय, आईंच्या पिठाच्या डब्यातही हात घालून पाहिलं. कोणालाही सोडलं नाही. कात्री मिळाली नाही ती नाहीच.

*

रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून सगळे कापायच्या टेबलाभोवती बसले. टेबलाच्या एका टोकाला बाबा, गळ्यात टेप. कात्री नसली तरी टेप असायचीच. आंघोळीला जातानाच काय ती उतरे. दुसऱ्या टोकाला सूनबाई, पुढ्यात मापाची वही. मध्ये तिचा नवरा, ज्याला गिऱ्हाइकं ‘छोटे मास्टर’ म्हणत आणि ज्याने जन्मात रुमालसुद्धा कापला नव्हता. कात्री हातात घेतली की त्याला शिंका येत. लोकर अंगाला चालत नाही, असं तो सांगे. मात्र तीच लोकर खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाला दाखवताना त्याला शिंक आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

समोर त्याची थोरली बहीण ताई आणि तिचे यजमान. यजमान दातांचे डॉक्टर, मितभाषी माणूस. ताई कॉलेजात मानसशास्त्र शिकवत, त्यामुळे त्यांच्यासमोर कोणाच्या हातून चमचा पडायची सोय नव्हती. तो का पडला हे त्या सांगत, आणि चमच्यावरून सुरू झालेली गोष्ट बालपणापर्यंत जाऊन थांबे. त्या स्वतः मात्र प्रत्येक खेपेला माहेरी काहीतरी विसरून जात आणि ते न्यायला दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. छत्री, चष्मा, एकदा डॉक्टर.

“मी सरळच बोलते,” ताई म्हणाल्या. “बाबा, कात्री तुम्हीच लपवली आहे.”

“मी?” बाबांनी टेप दोन्ही हातांनी धरली. “माझी कात्री मी लपवीन?”

“तुम्ही म्हणजे तुम्ही नाही. तुमचं आतलं मन. माणसाला वाटतं, मी ठरवतो आणि मी करतो. प्रत्यक्षात आत कोणीतरी आधीच ठरवून मोकळं झालेलं असतं, आणि आपण नंतर कारणं जुळवत बसतो. तुमच्या मनाला थांबायचं आहे. म्हणून तुम्ही आधी चुकीचं कापायला लागलात, आणि तेवढ्यानं भागेना तेव्हा कात्री हरवलीत.”

“माझा हात मला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही.”

“तुम्हाला कळणार नाही, बाबा. कळलं तर ते आतलं मन कसलं?”

“वा! म्हणजे मी नाही म्हटलं तरी हो, आणि हो म्हटलं तरी हो. असा कोट शिवता आला असता तर मीही कधी चुकलो नसतो.”

डॉक्टर गालातल्या गालात हसले आणि ताईंनी बघताच खोकले.

“ताई, ते राहू दे,” सूनबाईचा नवरा म्हणाला. “मुद्दा असा आहे की दुकान आता कसं चालवायचं? मी तर म्हणतो, आपण कापड विकू. नुसतं कापड. मला ते जमतं.”

“आणि कापणार कोण?” सूनबाईने विचारलं. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा वर गेला.

“बाहेरून माणूस आणू.”

“बाहेरून?” ती म्हणाली. “बाहेरून कशाला?”

“मग कोण आहे घरात?”

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडापर्यंत आलं नाही. रोज दुपारी बाबा डुलकी काढायला वर गेले की ती जुन्या वर्तमानपत्रांवर खडूने आखून पुढा, पाठ, बाही, कॉलर कापत असे. नुसता विरंगुळा म्हणून, असं तिचं म्हणणं. बारा वर्षांत तिने वर्तमानपत्राचे निदान सहाशे कोट कापले होते आणि सगळे रद्दीत गेले होते. ती वहीची पानं उगाच उलटू लागली.

ताईंची नजर तिच्यावर आली. “एक विचारू? अस्तर तूच लावतेस ना? आतला खिसा पण?”

“हो.”

“मग खिसा उलट्या बाजूला लागतोय हे तुला दिसलं नाही?”

“बाबांनी खूण केली होती तिथं मी लावला,” सूनबाई म्हणाली. तिचे कान तापले. दिसलं तर तिला तिसऱ्या कोटापासूनच होतं. आज सांगू, उद्या सांगू करत तिने तिन्ही कोटांना नीटनेटकं अस्तर लावून दिलं होतं. का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं, आणि आता ताईंच्या देखत विचारायची ही वेळ नव्हती. विषय बदलावा म्हणून ती उठली, कपाटातून वकिलांचा कोट काढला आणि खिडकीजवळच्या पुतळ्यावर चढवला. “हा बघा. डोळ्यांनी बघा म्हणजे कळेल मी काय म्हणते ते.”

तो पुतळा म्हणजे पायांऐवजी दांडा असलेलं कापडी धड. आजवर त्याने कितीतरी कोट मुकाट्याने अंगावर वागवले होते. पण या कोटात तो निराळाच दिसला. डावा खांदा टाकून, जरा तिरका, खिडकीतून रस्ता बघत उभा असल्यासारखा.

तेवढ्यात आई वरून चहाचा ट्रे घेऊन जिना उतरल्या. आई म्हणजे सूनबाईच्या सासूबाई. घरातल्या कोणत्याही भांडणात त्या चहा करून भाग घेत. त्यांनी एकेकाचा कप त्याच्या पुढ्यात ठेवला, मग सहज खिडकीकडे वळून ट्रे पुढे केला.

“भाऊजी, हा घ्या तुमचा बिनसाखरेचा.”

पुतळ्याने चहा घेतला नाही. आईंचा हात तसाच पुढे राहिला. ट्रेमध्ये एक कप जास्तीचा होता आणि तो खरंच बिनसाखरेचा होता, कारण डॉक्टरांनी नंतर तो चुकून प्यायला आणि तोंड वाकडं केलं.

“आई,” ताई अगदी हळू म्हणाल्या, “तू आत्ता कोणाला हाक मारलीस?”

“कोणाला नाही.”

“भाऊजी म्हणालीस.”

“मी? छे. मी... हे इथं असे उभे...” आईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि कोटाकडे नीट पाहिलं. “अगं बाई. हे तर भाऊजीच आहेत.”

*

भाऊजी म्हणजे बाबांचे धाकटे बंधू, मुलांचे काका. सूनबाईने त्यांना उभ्या आयुष्यात रस्त्याच्या पलीकडूनच पाहिलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी दोघं भाऊ याच टेबलावर काम करत, बाबा कापायचे आणि काका शिवायचे. काका डावखुरे. डाव्या खांद्यावरून तागे वाहून वाहून तो खांदा उतरलेला, आणि उजव्या हाताची बाही त्यांना नेहमी जरा लांब लागायची. मग एक दिवस काकांनी सांगितलं की मी दोन गल्ल्या सोडून तयार कपड्यांचं दुकान काढतोय. यापुढे लोकांना माप नको, साईज हवी. लहान, मध्यम, मोठा. त्यावर बाबांनी विचारलं होतं, “माणूस म्हणजे काय चहाचा पेला आहे?” पुढचं बोलणं दोघांच्याही अंगाशी आलं. संध्याकाळी बाबांनी मापाच्या वहीतून भावाचं पान फाडून चुलीत टाकलं. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. दोन गल्ल्यांचं अंतर त्यांनी एकोणीस वर्षं टिकवलं होतं, आणि तेवढ्यासाठी बाबा पोस्टात लांबच्या रस्त्याने जात.

“योगायोग,” बाबा म्हणाले.

“खांदा योगायोग, बाही योगायोग, डावखुऱ्या माणसाचा खिसाही योगायोग?” ताईंचा चेहरा फुलला होता. वर्षानुवर्षं वर्गात शिकवलेली गोष्ट बापाच्या दुकानात खुंटीला टांगलेली सापडली होती. “आधी नुसता खांदा आला, मग हात आला, मग खिसा. बाबा, तुम्ही काकांना एकेक अवयव करून घरी आणताय!”

“वाट्टेल ते बोलू नकोस.”

“पण बाबा,” सूनबाईच्या नवऱ्याने वही पुढे ओढली, “काकांचं माप तर कुठंच नाही. पान तुम्ही जाळलंत. मग तुम्हाला ते आठवतंय कसं?”

“मला काही आठवत नाही! मला त्या माणसाची छाती आठवत नाही, कंबर आठवत नाही, काही नाही!”

“छाती अडतीस, कंबर चौतीस,” सूनबाईने कोटाला टेप लावून सांगितलं.

“साडेचौतीस,” बाबा ताडकन म्हणाले, आणि मग त्यांनी चहाचा कप उचलून बराच वेळ तोंडाला लावून ठेवला.

इतका वेळ गप्प बसलेले डॉक्टर घसा साफ करू लागले. “हे मी खरं तर सांगायला नको,” ते म्हणाले. “ते माझे पेशंट आहेत.”

ताईंनी मान इतक्या वेगाने वळवली की कानातलं निसटून टेबलावर पडलं. “कोण? काका? कधीपासून?”

“सहा वर्षं.”

“सहा वर्षं तुम्ही मला सांगितलं नाहीत?”

“तू विचारलं नाहीस. आणि तू अर्थ काढला असतास.” डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. “झोपेत दात खातात ते. खालवर घासून घासून दाढा पार सपाट झाल्यात. मी म्हटलं, काही काळजी आहे का? तर म्हणाले, काही नाही, धंदा छान आहे, झोप छान लागते. मग मी तोंडात चिमटा घातला की बोलायला लागतात. नीट कळत नाही, पण ‘दादा’ हा शब्द दर वेळी असतो.”

आईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच कप गोळा करायला लागल्या, भरलेलेसुद्धा. सूनबाई बाबांकडे बघत होती. सकाळपासून तिने मनात त्यांच्याविरुद्ध एक यादी केली होती, नजर, वय, हात. त्या यादीत हे कुठंच नव्हतं, आणि तिला त्यांची एकदम फार माया आली.

“फोन करूया का त्यांना?” तिने विचारलं.

“खबरदार!” बाबांनी टेबलावर थाप मारली. “या घरातून कोणीही त्याला फोन करायचा नाही. चोवीस, सदतीस, एक्याऐंशी, हा नंबर या दुकानातून आजवर फिरवला गेलेला नाही आणि यापुढेही फिरवला जाणार नाही!”

सूनबाईने तो वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतला आणि वही ताईंकडे सरकवली. ताईंना लग्नानंतर पहिल्यांदाच काही बोलावंसं वाटलं नाही. त्यांनी फोन उचलला.

*

दहा मिनिटांत शटरखालून आधी एक पोट आत आलं आणि मागून काका आले. धापा टाकत होते. दोन गल्ल्या ते जवळपास पळतच आले असावेत, पण चेहरा असा केला होता की जणू सहज फिरायला निघालो होतो. अंगात एक जुनापुराणा कोट होता, कोपरांवर विरलेला, आणि त्याचं बटण लागण्याचा प्रश्नच नव्हता. सूनबाईने काजांकडे पाहिलं आणि ओळखलं, तो या दुकानातला होता. तयार कपड्यांचा एवढा मोठा दुकानदार स्वतः मात्र भावाने कापलेला कोट घालून फिरत होता.

“बरी आहेस ना वहिनी?” ते आधी आईंना म्हणाले. मग छताकडे बघून, “मी काही बोलायला आलो नाही. ऐकलं की इथं हल्ली गिऱ्हाईक यायच्या आधीच त्याचा कोट तयार असतो. आमच्याकडे त्याला रेडिमेड म्हणतात.”

सूनबाईचा नवरा शिंकला.

बाबांच्या मानेची शीर उभी राहिली. “हा शब्द या टेबलापाशी काढायचा नाही.”

“मग कोट तरी घालून बघू दे.”

काकांनी अंगातला जुना कोट काढला, आणि पुतळ्यावरचा उतरून त्यांच्या अंगात गेला. खांदा बसला, अगदी जिथल्या तिथं. उजवी बाही मनगटाशी नेमकी थांबली. काकांनी डावा हात आत घातला, खिसा पहिल्या झटक्यात सापडला, आणि ते क्षणभर तसेच छातीवर हात धरून उभे राहिले. मग त्यांनी बटण लावायला घेतलं. काज आणि बटण यांच्यात चांगली एक वीत जागा उरली. काकांनी पोट आत घेतलं. वीत चार बोटांवर आली आणि तिथं थांबली.

“होत नाही,” ते म्हणाले.

“कसा होईल?” बाबा म्हणाले. “हा तुझा एकोणीस वर्षांपूर्वीचा आहे.”

ते बोलून गेल्यावर बाबांना कळलं की आपण भावाशी बोललो. आता शब्द परत घेता येत नव्हता. त्यांनी गळ्यातली टेप काढली, दोन पावलं पुढे आले, आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, “सूनबाई, लिही.”

तिने नवं पान काढलं. बाबांनी भावाला आरशासमोर उभं केलं, कोट उतरवला आणि मागून टेप फिरवली. “छाती बेचाळीस. पाठ सतरा. डावा खांदा अर्धा इंच खाली. हा तसाच आहे.” टेप कमरेवर आली आणि थांबली. “श्वास सोड.”

“सोडलाय,” काका दाबलेल्या आवाजात म्हणाले.

“शेहेचाळीस वर्षं पोटं मोजतोय मी. सोड.”

काकांचा चेहरा हळूहळू लाल होत चालला. “माझं पान फाडलंस तू.”

“फाडलं.”

“जाळलंस.”

“जाळलं. तू मला म्हातारा म्हणालास. मी तेव्हा पन्नाशीचाही नव्हतो.”

“मग माझं माप आलं कुठून?”

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. सूनबाईला वाटलं, आता ते योगायोग म्हणतील. ताईही ओठ मिटून वाट बघत होत्या.

“मला काय माहीत,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. “मी बँडमास्तराचं कापत होतो रे. रोज ज्याचंत्याचं म्हणूनच कापत होतो. हातातून तूच निघालास, त्याला मी काय करू?”

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सगळा श्वास एकदम बाहेर पडला. पोट टेपेवर येऊन विसावलं. काका हसत होते की रडत होते ते आरशातही नीट दिसेना. बाबांनी टेप सैल होऊ दिली, मग चिमटीत धरून आकडा वाचला.

“त्रेचाळीस,” ते म्हणाले, आणि भावाच्या पोटावर हलकेच थापटलं. “दात खाण्याशिवाय आणखीही काही खातोस म्हणायचं.”

*

बाबांनी राखाडी रंगाचा तागा काढून टेबलावर उलगडला. वकीलसाहेबांचं कापडही वाट बघत होतं, पण वकीलसाहेब आज बिचारे कोणालाच आठवले नाहीत. कापडावर तळहात फिरवून बाबांनी सवयीने उजवा हात बाजूला केला.

“कात्री.”

आणि मग सगळ्यांना आठवलं की कात्री नाही.

“निदान आखून तरी ठेवू,” सूनबाई घाईने म्हणाली. “खडू देते.” ती मशीनपाशी गेली आणि स्वतःच्या शिवणाच्या डब्याचं झाकण उघडलं. खडूसाठी दोऱ्यांच्या रिळांखाली हात घातला तर बोटांना काहीतरी गार लागलं. मऊ फ्लॅनेलमध्ये नीट गुंडाळलेलं, बारा इंच लांब.

सूनबाईला तो क्षण पुढं कितीतरी वर्षं आठवत राहिला. बुधवारी कात्रीला तेल द्यायचं म्हणून आपण ती उचलली होती, एवढं तिला आत्ता आठवलं. फ्लॅनेल कधी गुंडाळलं, डब्यात कधी ठेवली, काही म्हणजे काही आठवेना. सगळ्या घराची झडती घेतली तेव्हा या एकाच डब्याकडे आपला हात कसा गेला नाही, हे तर मुळीच कळेना. झाकण लावून टाकावं असं मनात आलं. पण टेबलाभोवतीचे सगळे डोळे तिच्या पाठीवर होते. तिने कात्री बाहेर काढली आणि मान खाली घालून टेबलावर ठेवली.

“मी घेतली नव्हती,” ती म्हणाली. “म्हणजे... घेतली मीच असणार. पण मी घेतली नव्हती.”

ताईंचे डोळे चमकले. “अगं, याचा अर्थ...”

“अगं,” डॉक्टर ताईंना म्हणाले, “तुझं कानातलं.”

ताई कानातलं शोधायला टेबलाखाली वाकल्या.

बाबांनी फ्लॅनेल उलगडलं. पात्याला तेलाचं बोट फिरलेलं होतं, आणि धारही लावलेली होती, दोन्ही पात्यांना, जाणत्या हाताने. त्यांनी अंगठ्याने धार चाचपली. मग ते सूनबाईकडे बघत राहिले. तिला वाटलं, बारा वर्षांत हे माझ्याकडे आज पहिल्यांदा बघताहेत.

“रद्दीवाला मला मागे विचारत होता,” बाबा म्हणाले. “मास्टर, तुमच्या रद्दीत कोटाच्या बाह्या का निघतात म्हणून.”

तिने बोटांना लागलेलं तेल पदराला पुसलं.

“मी म्हटलं, मला काय माहीत.” त्यांनी कात्री मुठीकडून तिच्यापुढे धरली. “कमरेला सैल आखू. हा अजून वाढणार आहे. धर.”

“बाबा, मला खरंच काही नकोय...”

“सूनबाई,” काका म्हणाले, “मीही एकोणीस वर्षं हेच सांगत होतो. दाढा गेल्या माझ्या.”

तिचा नवरा तोवर दोन पावलं मागे सरकून नाकाला रुमाल लावून उभा होता, पण डोळ्यांत सुटका झाल्याचा आनंद मावत नव्हता. आई पुन्हा चहा करायला वर गेल्या. बाबांनी खडूने आखलं, वाकून, सावकाश, डावा खांदा अर्धा इंच खाली घेऊन. मग त्यांनी टेबलावरची आपली जागा सोडली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून भावाशेजारी जाऊन उभे राहिले.

सूनबाईने कात्री कापडाला लावली. लोखंड जड होतं, वर्तमानपत्रापेक्षा कापड कितीतरी अंगाने भारी होतं, आणि पहिला काप जाताच तिला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. ती भरभर कापत निघाली. कोपऱ्याशी वळताना तिची नजर वर गेली आणि आरशात बाबांची पाठ दिसली. पाठीमागे बांधलेल्या हातांपैकी उजव्या हाताची बोटं उघडत होती, मिटत होती. बाबांना त्याचा पत्ताही नव्हता. ते तोंडाने काकांना लोकर कशी पारखावी ते सांगत होते. बोटं मात्र मन लावून कापत होती, जरा मागे, जरा सावकाश. सूनबाईपेक्षा त्यांचा वेग कमी पडत होता.

तिने आरशावरची नजर काढली नाही. आपला वेग तिने हळूहळू कमी केला, आणि ती बोटं उघडली की कात्री उघडत, ती मिटली की मिटत, बाहीच्या टोकापर्यंत तशीच कापत गेली.